धागा: सात जणांच्या ऑर्केस्ट्राला ब्रास सेक्शन जोडायचा आहे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगली-मिरज भागात लग्न, हळद, वाढदिवस, गणपती असे कार्यक्रम करणारा आमचा लहान ऑर्केस्ट्रा आहे. दोन गायक (एक बाई, एक पुरुष), कीबोर्ड, गिटार, बेस, ड्रम-ऑक्टोपॅड आणि ढोलकी. आता ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन अशी तीन माणसं वाढवायचा विचार आहे.
१) तीन वाद्यं पुरतात का, आणि कोणती?
२) वाजवणारे कुठून आणायचे? वरातीच्या बँडमधले चालतील का?
३) वाद्यं आपण घ्यायची की त्यांची त्यांनी?
४) सुपारी किती वाढवावी लागेल?
कृपया "मनापासून करा, जमेल" यापुढचं सांगा.

काळी_पाच
चारही प्रश्नांच्या आधी एक पाचवा: तुमचे गायक कोणत्या पट्टीत गातात, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर येतो? ब्रास टिकतो की महिन्याभरात मोडतो हे बहुतेक तिथेच ठरतं.

ट्रम्पेटचा सगळ्या बटणांविना निघणारा 'सी' म्हणजे पेटीवरची काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी). वाजवणारा सी म्हणतो तेव्हा कानावर बी फ्लॅट पडतो. आल्टो सॅक्सचा सी म्हणजे काळी दोन. ट्रॉम्बोन मात्र सहसा खऱ्या सुरातच वाचतात. म्हणून एकाच गाण्यात तिघांच्या कागदावर तीन वेगळे स्केल असतात:

काळी एक: ट्रम्पेट ई फ्लॅट, आल्टो बी फ्लॅट
काळी दोन: ट्रम्पेट एफ, आल्टो सी
काळी तीन: ट्रम्पेट ए फ्लॅट, आल्टो ई फ्लॅट
काळी चार: ट्रम्पेट बी फ्लॅट, आल्टो एफ
काळी पाच: ट्रम्पेट सी, आल्टो जी

पाचही काळ्या पट्ट्या ब्रासला सोयीच्या आहेत. पांढऱ्यांत एक आणि चार ठीक. पांढरी पाच ओढाताणीने जमते. पांढरी दोन, तीन आणि सहाला हातभर शार्प (चढे स्वर) येतात. पांढरी तीनला तर ट्रम्पेटला सहा आणि आल्टोला सात. त्यात जलद पीस वाजवायला लावलात तर चांगला वादकही चाचपडेल, आणि लोक म्हणतील ब्रास बेसूर आहे.

आपल्याकडे पुरुष गायक बऱ्याचदा काळी एक-दोनला आणि बायका काळी चार-पाचला गातात, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं असतं. अडचण गिटारवाल्याची, कारण त्याला ई, ए, डी, जी हवं असतं. त्याला गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायला सांगा. सीच्या आकारात काळी एक, डीच्या आकारात काळी दोन, जीच्या आकारात काळी चार, एच्या आकारात काळी पाच. काळी तीनसाठी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ईचा आकार. वाद मिटला.

सातवी_पोझिशन
वरच्या प्रतिसादाला पुस्ती. पट्टीच्या गोंधळाचं खरं मूळ कीबोर्डवरचं ट्रान्सपोज बटण. कीबोर्डवाला बोटं सीमध्येच ठेवतो, बटण एक पायरी वर करतो आणि ब्रासला सांगतो "सीमध्ये आहे". ट्रम्पेटवाला मुकाट्याने त्याचा डी धरतो आणि पहिल्याच कटला (तिघांनी एकदम मारायच्या स्वराला) सगळा मांडव मान वळवतो. नियम करा: स्टेजवर पट्टीचं नाव घ्यायचं ते कानाला ऐकू येणाऱ्या सुराचं, आणि तेही काळी-पांढरीच्याच भाषेत. "काळी एक" म्हटलं की कोणाच्या बोटांखाली काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं उरत नाही.

आता प्रश्न १. तीन पुरतात. ट्रम्पेट वर, आल्टो मध्ये, ट्रॉम्बोन खाली. दोनच परवडत असतील तर ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स. नुसता ट्रम्पेट एकटा घेऊ नका: तो सेक्शन होत नाही, सोलो वादक होतो, आणि तीन तासांत त्याच्या ओठांचा चुरा होतो.

काळी एकच्या मेजर कॉर्डचा साधा कट असा बसवा: सा ट्रॉम्बोनला, ग आल्टोला, प ट्रम्पेटला, तिन्ही मध्य सप्तकात. ट्रम्पेटला हा लिखित बी फ्लॅट पहिल्या बटणावर येतो. आल्टोला मधला डी, आणि तो बहुतेक सॅक्सवर थोडा चढाच असतो, म्हणून ओठ किंचित सैल. ट्रॉम्बोनला दुसरी पोझिशन (स्लाइड सरकवायची जागा), पण नेहमीपेक्षा केसभर आत, कारण त्या जागी फुंकीने निघणारा हा स्वर मुळात उतरता असतो. हे तीन स्वर कीबोर्डशिवाय, हळू, चार-चार मात्रा धरून रोज दहा मिनिटं वाजवले की सेक्शनचा आवाज एक व्हायला लागतो. गाणी त्यानंतर.

खर्जातला
थोडा विरोधी सूर लावतो. एका ट्रम्पेटखाली कीबोर्डचा ब्रास पॅच (त्यातला तयार ब्रासचा आवाज) ठेवला तर चार माणसांचा भास होतो, आणि हळदीच्या मांडवात तेवढं पुरतं. दोन माणसांची बिदागी, जेवण, गाडीतली जागा हे सगळं वाचतं.

सातवी_पोझिशन
खर्जातला, पॅच खाली ठेवायला हरकत नाही, पण त्याने ट्रम्पेटच्याच ओळीत वाजवायचं नाही. कीबोर्डचा सूर ए = ४४० हर्ट्झला खिळलेला, तर ट्रम्पेट गरमीत चढतो आणि एसी हॉलमध्ये उतरतो. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सुमारे ०.१७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सूर तीनेक सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा, सेमीटोनचा, शंभरावा भाग) वर. वाद्यात फुंकलेली हवा गरम असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी पडतो, तरी मे महिन्यातलं मैदान आणि गारठलेला हॉल यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. दोघं एकाच स्वरावर असले की तो टोचतो. पॅचला खालची ऑक्टेव्ह किंवा नुसता पॅड (मागे धरून ठेवलेला मऊ आवाज) द्या, मग चालेल.

सूर मिळवण्याची रीत: वाद्य पेटीतून काढल्या काढल्या मिळवू नका. पाच-दहा मिनिटं फुंकून गरम करा, मग कीबोर्डच्या काळी पाचशी मिळवा. ट्रम्पेटची मुख्य ट्यूनिंग स्लाइड एक सेंटीमीटर ओढली की नळी दोन सेंटीमीटर वाढते आणि सूर सुमारे पाव सेमीटोन उतरतो. पहिल्या सेटनंतर पुन्हा तपासा. लिखित खालचा डी आणि सी शार्प चढेच असतात, तिथे तिसऱ्या बटणाची स्लाइड बाहेर फेकायची सवय हवी. वरातीत ही सवय लागत नाही, कारण तिथे सगळेच मिळून चढे असतात.

काळी_पाच
प्रश्न २. वरातीच्या बँडमधले चालतील का? वादक म्हणून उत्तम चालतील, पण सवयी बदलाव्या लागतील. दम, आवाज आणि गाणं कानाने उचलण्याची ताकद त्यांच्याकडे असते. अडतं ते तीन ठिकाणी. एक, सगळे मिळून एकच चाल वाजवायची सवय, त्यामुळे आपला वेगळा स्वर धरून राहणं अवघड जातं. दोन, हळू वाजवणं माहीत नसतं. तीन, पट्टी बदलली की चाल बोटांतून निसटते, कारण गाणं एक-दोन ठरलेल्या बोटांवर पाठ केलेलं असतं.

नोटेशन वाचणारे हवे असतील तर लष्कराच्या किंवा पोलीस बँडमधून निवृत्त झालेले शोधा. लष्करी बँडचं प्रशिक्षण पचमढीला होतं आणि तिथून आलेला माणूस कागद समोर ठेवला की वाजवतो. मुंबईजवळ असाल तर वसईची ख्रिस्ती मंडळी. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून सोल्फेज (नोटेशन बघून स्वरांच्या नावांनी गाणं) शिकवण्याची जुनी परंपरा आहे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे ट्रम्पेटवाले आणि अरेंजर एवढे दिसायचे त्याचं एक कारण हेच. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ब्रास ऐकताना त्यांचे सहायक चिक चॉकलेट आठवावेत, तेही गोव्याचेच.

मिश्र सेक्शन सर्वांत बरा: एक वाचणारा, दोन कानाने वाजवणारे. वाचणारा ट्रम्पेटवर नसला तरी चालेल, पण सेक्शनचा म्होरक्या तोच.

कृष्णाकाठ
फार उपयोगी. म्हणजे कागद लागणारच? कानाने वाजवणाऱ्याला काय लिहून द्यायचं?

काळी_पाच
लागणारच. आज नाही तर ऐन सीझनमध्ये, ट्रम्पेटवाला आजारी पडून बदली माणूस बोलवावा लागेल त्या दिवशी. बदलीवाला कागदावर उभा राहतो, पाठांतरावर नाही.

कानाने वाजवणाऱ्याला सरगम द्या, पण कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी ठळक: "गाणं काळी एक" आणि "तुझा सा = ई फ्लॅट (दुसरं-तिसरं बटण)". सा ग प लिहिलं तर त्याला ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट मिळतो, म्हणजे २-३, मोकळं, १. पहिल्या महिन्यात बटणांचे आकडेही खाली लिहा, नंतर आपोआप गळून पडतात. वाचणाऱ्यासाठी म्युझस्कोर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात खऱ्या सुरात लिहा, वाद्य निवडा, पार्ट आपोआप ट्रान्सपोज होऊन निघतो. पट्टी बदलली तर दोन मिनिटांत नवी प्रत.

पार्टवर स्वरांइतकंच महत्त्वाचं म्हणजे स्वर कुठे सोडायचा. सुरुवात सगळे एकत्र करतात, पण शेवटी एकाचा स्वर लोंबकळत राहतो आणि सेक्शन गावठी वाटतो. म्हणून लांब स्वरापुढे "४ वर कट" असं लिहा, म्हणजे चौथी मात्रा पडते त्या क्षणी शांतता. ब्रास जिथे सुरू होतो त्या मात्रेवर ड्रमवाल्याने किक आणि झांज द्यायची आणि आधीच्या मात्रेत छोटा फिल (भरणीचा तुकडा), म्हणजे ब्रासला उडी मारायला फळी मिळते. हे ड्रमवाल्याच्या कागदावरही लिहावं लागतं, त्याला स्वप्नात दिसत नाही.

आणि सगळ्या गाण्यांत ब्रास नको. गायकाच्या ओळीखाली गप्प बसायचं. ओपनिंग म्युझिक, दोन ओळींमधली फट, इंटरल्यूड आणि शेवट एवढीच ब्रासची जागा. तीन तासांच्या कार्यक्रमात तीसेक गाणी धरली तर अठरा-वीस गाण्यांत ब्रास पुष्कळ. सलग तीन उंच गाणी ठेवू नका. ट्रम्पेटला रोजच्या कामासाठी स्टाफच्या (कागदावरच्या पाच रेषांच्या) वरचा लिखित ए ही हद्द समजा. त्यावरचा सी कार्यक्रमात दोन-तीनदा, आणि शक्यतो दुसऱ्या सेटमध्ये. शेवटच्या गाण्याला ठेवलात तर तो येणारच नाही.

ढोलकी_पलीकडे
गाण्यांचा क्रम लावताना ढोलकीचाही विचार करा ही विनंती. काळी एकचं गाणं, मग काळी चार, परत काळी एक असं केलं तर शाई प्रत्येक वेळी चढव-उतरव करावी लागते. एका पट्टीची चार-पाच गाणी एकत्र ठेवा आणि दोन ढोलक्या न्या. ब्रासलाही तेच सोयीचं.
कोळीगीत आणि हळदीच्या गाण्यांत ट्रम्पेट-क्लॅरिनेट ढोलकीच्या तोंडावर चढून बसतात. ठेक्याच्या खाली नाही, ठेक्याच्या मध्ये वाजवा म्हणावं.

सातवी_पोझिशन
प्रश्न ३. ट्रम्पेट-सॅक्स ज्याचं त्याचं असावं. माउथपीस तर दुसऱ्याचा वापरूच नये, ओठ एका कडेला सरावलेले असतात. ट्रॉम्बोन मात्र कित्येकांकडे नसतो, तो ऑर्केस्ट्राने घ्यायला हरकत नाही.

मेरठच्या जाली कोठी भागात ही वाद्यं तयार होतात आणि देशभरातल्या बँडवाल्यांकडे तीच दिसतात. स्वस्त आहेत, दुरुस्ती सोपी. पण प्रत्येक नग वेगळा, म्हणून कीबोर्ड किंवा मोबाइलचा ट्यूनर घेऊनच तपासा: बटणांविना येणारे चार स्वर आधी, मग पहिलं, दुसरं, पहिलं-दुसरं बटण. प्लंजर (बटणाखालचा दट्ट्या) बाहेर काढून पुन्हा घालून बघा, अडकतो का. माइकसमोर चालणारं, पहिलंच चांगलं वाद्य घ्यायचं असेल तर यामाहाचं वायटीआर २३३० किंवा तसंच एखादं विद्यार्थी मॉडेल सेकंडहँड बघा.

जुनं ब्रिटिश वाद्य कुठे मिळालं तर हुरळू नका. तिकडच्या बँडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ए ४५२ च्या आसपासचा चढा सूर चालायचा. तो आजच्या ४४० पेक्षा जवळपास अर्धा सेमीटोन वर. ट्यूनिंग स्लाइड दोन सेंटीमीटर ओढूनही कीबोर्डशी जेमतेम मिळतं आणि मग बाकीच्या बटणांचे स्वर आपसात बिघडतात. दिवाणखान्यात टांगायला सुंदर.

देखभाल थोडक्यात. प्लंजरवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. तेल घालताना अदलाबदल झाली किंवा प्लंजर नीट फिरून खाचेत बसला नाही तर हवा अडते आणि ट्रम्पेट एकदम मुका होतो. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी "वाद्य बिघडलं" अशी ओरड झाली की बहुतेक वेळा हेच असतं. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. माउथपीस काढायचा छोटा पुलर मिळतो, तो पेटीत ठेवा. ट्रॉम्बोनची स्लाइड खाली टेकवताना कुलूप लावा. बाहेरच्या नळीला तांदळाएवढा पोचा आला तरी ती खरखरते. पावसाळ्यात सॅक्सचे पॅड चिकटतात, पॅडखाली पातळ कागद ठेवून झाकण हलकं दाबायचं आणि सोडायचं, ओढून काढायचा नाही.

आणि लग्नातल्या जेवणानंतर चूळ भरल्याशिवाय वाद्य तोंडाला लावायचं नाही. गुलाबजामाचा पाक आणि पानातला चुना यांनी जेवढे प्लंजर खाल्ले तेवढे गंजाने खाल्ले नसतील.

साउंडचेक
ब्रासला माइक लागत नाही हा समज सोडा. लहान हॉलमध्ये ट्रम्पेट तसाच ऐकू येतो खरा, पण पहिल्या तीन रांगांना बहिरं करून. मग मागे ट्रॉम्बोन गायब.

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनला साधा डायनॅमिक माइक, एसएम ५७ सारखा, वाद्याच्या तोंडापासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर, थोडा तिरका. सॅक्सचा माइक तोंडात खुपसू नका: आवाज सगळ्या भोकांतून येतो, म्हणून मधल्या कळांकडे रोखा. तिन्ही चॅनेलला १०० हर्ट्झच्या खाली लो कट (खालचा घुमारा कापणं). म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं बूच) लावला की आवाज एकदम बारीक होतो, तेव्हा वादकाने स्वतः माइकजवळ सरकायचं, साउंडवाल्याने फेडर ढकलायचा नाही, नाहीतर म्यूट काढल्यावर स्पीकर ओरडतो. स्ट्रेट म्यूटने सूर थोडा चढतो, हेही लक्षात असू द्या.

मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) द्या. ब्रासवाल्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो जोर लावतो, आणि तासाभरात ओठ संपतात. मॉनिटरमध्ये त्यांचा आवाज कमी आणि गायक-कीबोर्ड जास्त. उभं करताना ट्रम्पेट मधोमध, म्हणजे दोघांनाही तो ऐकू येतो. ट्रॉम्बोन कडेला, आणि त्याच्या पुढ्यात गायिका किंवा स्टँड नको: सातव्या पोझिशनला स्लाइड चांगली हातभर पुढे येते. कागदाला कपड्यांचे चिमटे लावा, मैदानातल्या वाऱ्याला सुरांची कदर नसते.

हिशेबनीस
प्रश्न ४. आकडे गावागणिक बदलतील, पद्धत सांगतो. समजा सुपारी ८०,००० ची, साउंड यजमानाचं, माणसं दहा. गाडी-टेम्पो ९,०००. दहा जणांना प्रत्येकी ५,५०० म्हणजे ५५,०००. नोटेशन करणाऱ्याला ३,०००. बुकिंग, फोन, धावपळ करणाऱ्याला ५,०००. उरलेले ८,००० मंडळाच्या खात्यात: रीड, तेल, दुरुस्ती, तालमीची जागा. ब्रासचे तीन वाढले म्हणजे तुमची मूळ सुपारी निदान १६,५०० ने, वर गाडीतल्या जागेने वाढलीच पाहिजे. यजमान तेवढे देत नसेल तर दोन दर ठेवा, ब्रासशिवाय आणि ब्रासासह. सगळ्यांच्या बिदागीला कात्री लावून ब्रास नेलात तर तीन महिन्यांत जुने सात जण कुरकुरतील.

विसार निम्मा, तारीख त्याशिवाय अडकवायची नाही. कागदावर लिहून घ्या: सुरू-बंद वेळ, स्टेजचं माप (दहा माणसांना २४ बाय १६ फूट असलेलं बरं), साउंड-लाइट कोणाचं, जेवण, वाढीव तासाचा दर. ब्रासला वाढीव तास फुकट देऊ नका, त्यांच्याकडे ओठ शिल्लक नसतात.

कायद्याचं दोन ओळींत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी फक्त लाउडस्पीकरला नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० ला बदल झाला आणि वाद्यंही त्यात आली. म्हणून "माइक बंद करून ट्रम्पेट वाजवू" ही पळवाट नाही. वर्षातले काही ठरलेले दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देतं, त्या यादीत तुमची तारीख आहे का बघा. गाण्यांच्या हक्कांबाबत: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. कंपनीचा कार्यक्रम, हॉटेलची पार्टी किंवा तिकिटाचा शो यांना नाही; तिथे गाणी वाजवण्याचा परवाना आयोजकाने घ्यायचा, हे करारात लिहा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: पुढचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर. आत्तापासून तालमी कशा लावू?

काळी_पाच
पहिले दोन आठवडे फक्त ब्रासचे तिघे, आठवड्यात दोनदा, दीड तास. गायक नको, ड्रम नको. लांब स्वर, वर सांगितलेला कॉर्ड, आणि सहा गाण्यांचे नुसते कट. तिसऱ्या आठवड्यात कीबोर्ड आणि ड्रम जोडा, मेट्रोनोम लावून. पाचव्या आठवड्यापासून सगळे. एका तालमीत तीनच नवी गाणी, आणि प्रत्येक तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करून ट्रॉम्बोनवाल्यालाच आधी ऐकवा. खाली काय चुकतंय ते त्याला पहिल्यांदा कळतं.

सहा आठवड्यांत बारा गाणी उभी राहिली तर तेवढ्यावर एक हळदी घ्या. बाकीच्या गाण्यांत तिघांनी खुर्चीवर बसून पाणी प्यावं.

सातवी_पोझिशन
पाणी साधं, कोमट. थंड सरबत नको, आणि सोडा तर अजिबात नको, पुढच्या लांब स्वरात ढेकर येतो.

ढोलकी_पलीकडे
पहिली हळदी ठरली की तारीख इथे टाका, मिरजेत असेल तर येतोच. ढोलकी माझी आणतो, चढवलेली, काळी एकला.